"वर चॉकलेट पावडर नाही का?"

दिवाळी संपली की बाबा मशीन अंगणात काढायचे आणि चिंचेच्या कोळाने तिचे पितळी नळ घासायला बसायचे. त्यावरून आम्हाला कळायचं, तुळशीचं लग्न जवळ आलं. मशीन म्हणजे लग्नातली कॉफीची मशीन. उभा बॉयलर, खाली गॅसची शेगडी, पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी, आणि एक वाकडी तोटी, जिच्यातून वाफ सुटली की मांडवातली सगळी पोरं गोळा होतात. बाबांनी तीस वर्षं ही मशीन, सोबत स्वतः, असं लग्नांना भाड्याने दिली.

तिच्या शेजारी मी आता एस्प्रेसोची गाडी उभी करतो. ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४ या चार महिन्यांत काय काय करावं लागलं, कुठे अडलो, किती पैसे गेले ते लिहून ठेवतोय. मी सुरू केलं तेव्हा सोलापुरात विचारायला कुणी सापडलं नाही, आणि पुण्यातले लोक सांगायचे ते पुण्याचं.

ऑगस्टमध्ये मावसभावाच्या रिसेप्शनला पुण्याला गेलो होतो. तिथे हिरव्या रंगाची एक छोटी गाडी, वर मशीन, मागे दोन मुलं, पुढे रांग. मी जेवणाआधी दोन आणि नंतर एक कॅपुचिनो प्यायलो आणि रात्रभर जागा राहिलो, अर्धा कॉफीमुळे आणि अर्धा विचारामुळे. तेव्हा मी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला होतो. नोकरी सोडली नाही. हा पहिला सल्ला समजा: पहिली दहा ऑर्डर होईपर्यंत सोडू नका, बरीच लग्नं रविवारी असतात.

ऑगस्टच्या शेवटी पुण्यात तीन दिवसांचा बरिस्ता कोर्स, म्हणजे मशीनवर कॉफी बनवायचा कोर्स, केला. बारा हजार फी, राहणं मावशीकडे. अठरा ग्रॅम पूड, नऊ बारचा दाब, पंचवीस ते तीस सेकंद, कपात छत्तीस ग्रॅमच्या आसपास अर्क. हे आकडे तिथे पाठ झाले. दूध साठ-पासष्ट अंशांपर्यंतच तापवायचं, सत्तरच्या पुढे गेलं की त्याचा गोडवा जातो. शिकवणाऱ्या मॅडमनी इतिहासही सांगितला आणि मला तोच जास्त आवडला. इटलीतल्या तुरीनमध्ये १८८४ च्या मोठ्या प्रदर्शनात आंजेलो मोरिओंडो नावाच्या माणसाने वाफेवर चालणारी कॉफीची मशीन मांडली. गर्दीला पटापट कॉफी देण्यासाठी. १९०१ मध्ये बेझेराने एकेका कपाची मशीन केली आणि १९०६ मध्ये ती मिलानच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. वर तो जाड तपकिरी फेस येतो तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा, गाज्जियाच्या दांड्याच्या मशीनमधून दाब वाढला तेव्हाचा. म्हणजे ही मशीन जन्मली तीच कार्यक्रमातल्या गर्दीसाठी! मग लक्षात आलं की बाबांची मशीन कॉफी काढतच नाही, ती फक्त वाफ देते. कॉफी बाबांच्या हातात असते: इन्स्टंट कॉफी, साखर आणि चमचाभर कोमट पाणी डब्यात घालून पांढरट होईस्तोवर फेटलेली. लग्नात आपण तिलाच 'एक्स्प्रेस कॉफी' म्हणत आलो.

परत आलो आणि पहिला प्रश्न पडला गाडीचा. इटलीत आणि इतरत्र तीनचाकी आपे गाडीवर कॉफीचं दुकान थाटतात. आपली आपे तर बारामतीत बनते, त्यामुळे मला वाटलं, घ्यावी जुनी आणि करावी बदल. आरटीओच्या कामातल्या एका ओळखीच्या माणसाने भानावर आणलं. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते, आरसी बुकात नोंद लागते, आणि ते नसलं तर अपघातात विमा अडतो. मी तो नाद सोडला. ढकलायची स्टीलची गाडी करायची आणि ती छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, टाकून न्यायची, असं ठरलं. महापालिकेतही विचारून आलो. तिथल्या बाईंनी एकच प्रश्न केला, "रस्त्यावर उभं राहून विकणार का?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग फेरीवाल्याचा परवाना तुम्हाला लागत नाही, कार्यालयाच्या आवारात त्यांच्या बोलावण्यावर जाताय. पाच मिनिटांत काम झालं. त्या पाच मिनिटांसाठी मी तीन रात्री काळजीत काढल्या होत्या.

कागदपत्रं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गणपतीच्या गडबडीत केली. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, घरी बसून झाली, आधार आणि पॅनवर, वीस मिनिटांत, फुकट. सरकारी पोर्टलसारख्या दिसणाऱ्या खाजगी साईट वर येतात आणि दोन-तीन हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन नसेल तर बाहेर पडा. शॉप ॲक्टसाठी नऊपर्यंत कामगार असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे तेव्हा परवाना लागत नव्हता, फक्त आपले सरकार पोर्टलवर सूचना द्यायची आणि पावती जपून ठेवायची. बँक तीच पावती मागते.

अन्नाचा परवाना हा मला सगळ्यात मोठा डोंगर वाटत होता. २०२४ मध्ये वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरायची, वर्षाला शंभर रुपये, एका वेळी पाच वर्षांपर्यंतची काढता यायची. मी पाच वर्षांचे पाचशे भरले. पण अर्ज एकदा परत आला, आणि चूक माझीच. घर बाबांच्या नावावर, आणि मी वीजबिल जोडलं ते नुसतंच. बाबांचं संमतीपत्र नव्हतं. व्यवसायाच्या प्रकारातही दुकान निवडलं होतं. दोन्ही दुरुस्त करून पुन्हा पाठवलं आणि नवव्या दिवशी चौदा आकडी नंबर आला. तो नंबर गाडीवर आणि बिलावर छापावा लागतो. स्वतःची आणि मदतनीस मुलांची डॉक्टरी तपासणीही करून घ्या; एका मोठ्या कार्यालयाच्या मॅनेजरने पहिल्याच भेटीत ते सर्टिफिकेट मागितलं होतं.

मग कर्ज. मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंत शिशु, त्यापुढे पाच लाखांपर्यंत किशोर. माझं किशोरमध्ये बसत होतं. ९ सप्टेंबरला अर्ज दिला. तारण लागत नाही हे खरं, पण तारणाच्या जागी फेऱ्या लागतात. बँकेतल्या साहेबांना 'कॉफी कार्ट' म्हणजे नेमकं काय ते कळेना. "हॉटेल आहे का? नाही. टपरी आहे का? नाही. मग जागा कुठाय?" तिसऱ्या फेरीला मी बाबांच्या जुन्या डायऱ्या घेऊन गेलो. बाबा प्रत्येक लग्नाची तारीख, कार्यालय, कप आणि मिळालेले पैसे लिहून ठेवायचे, १९९४ पासून. साहेबांनी पानं उलटली, एका पानावर थांबले आणि म्हणाले, "हे आमच्या चुलत बहिणीचं लग्न." त्यानंतर त्यांची भाषा बदलली. माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टवर मी आठशे रुपये घालवले होते, तो त्यांनी उघडला की नाही देव जाणे.

एक गोष्ट मात्र आधी माहीत असती तर बरं झालं असतं. मी पुण्यात सेकंडहँड मशीन बघून ठेवली होती, सव्वा लाखात. बँकेला जीएसटीचं कोटेशन हवं, पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात जातात. घरगुती माणसाकडून जुनी मशीन त्यात बसत नाही. नवीच घ्यावी लागली: एका ग्रुपची (ग्रुप म्हणजे जिथून कॉफी उतरते ते तोंड) मशीन करासकट २,१२,०००, ग्राइंडर ३८,०००, गाडी ६४,०००. वर केबल, फिल्टर, दुधाचा जग, छोटा फ्रिज असं किरकोळ म्हणता म्हणता ३१,०००. एकूण तीन लाख पंचेचाळीस हजार. त्यातले दोन लाख ऐंशी हजार कर्ज, उरलेले माझ्या आणि बायकोच्या साठवणीतले. हप्ता ६,१५० च्या आसपास, पाच वर्षं.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि बँकेतली निम्मी माणसं निवडणुकीच्या ट्रेनिंगला जाऊ लागली. मंजुरी आदल्याच दिवशी आली होती, पण पैसे सुटायला २३ तारीख उजाडली.

गाडीचं काम अक्कलकोट रोडच्या एका फॅब्रिकेटरला दिलं. खरं तर सप्टेंबरच्या शेवटीच द्यायचं होतं, पण पितृपंधरवडा सुरू होता आणि आईने हात जोडले. घटस्थापनेला, ३ ऑक्टोबरला, ॲडव्हान्स दिला. ३०४ ग्रेडचं स्टील, चार फूट लांब, तीन फूट उंच, ब्रेक लागणारी पाच इंची चाकं. रुंदी मी चौतीस इंच सांगितली होती. कोणत्या डोक्याने सांगितली माहीत नाही. होटगी रोडच्या एका कार्यालयात सहज माप घ्यायला गेलो तर स्वयंपाकघराकडचं दार बत्तीस इंच निघालं. लगेच फोन केला, पण सांगाडा झाला होता. कापून अठ्ठावीसवर आणला, साडेचार हजार वेगळे गेले. तुमची गाडी कितीही सुंदर असू द्या, ती सर्व्हिसच्या दारानेच आत जाते. पुढचं दार नवरा-नवरीचं.

मशीन ८ नोव्हेंबरला आली. आणि तिला पाणी कोणतं द्यायचं, इथे सोलापूर आडवं आलं. आमच्या भागात नळाला पाचव्या दिवशी पाणी. उजनीचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवायचं आणि बाकी बोअर. बोअरचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मीटरवर ९४० आलं. हे पाणी बॉयलरमध्ये गेलं तर वर्षाच्या आत आत चुन्याचा थर बसून मशीन बाद. विकतच्या जारचं पाणी मोजलं तर ३५, इतकं मऊ की कॉफी बेचव, आंबट लागते. दीडशेच्या आसपास असावं असं कोर्समध्ये शिकवलं होतं. शेवटी जारच्या वीस लिटरमध्ये अडीच-पावणेतीन लिटर बोअरचं, असं मिसळून जमवलं. मी बादलीशेजारी उकिडवा बसून मीटर बुडवतोय, आकडा लिहितोय, पुन्हा बुडवतोय, हे बघून बाबा गॅलरीतून म्हणाले, "काय करूलालास बे हे? कॉफी का सलाईन?"

पहिली परीक्षा कॉलनीच्या तुळशीच्या लग्नात, १३ नोव्हेंबरला. फुकट कॉफी, साठेक माणसं. मी चिकमगळूरच्या डार्क रोस्ट बिया आणल्या होत्या, सत्तर टक्के अरेबिका, तीस टक्के रोबस्टा (कॉफीच्या दोन जाती), हजार रुपये किलो. कपावर पानाची नक्षी पण जमली, दहातल्या चार कपांवर. समोरच्या काकूंनी घोट घेतला, कपात पाहिलं आणि विचारलं, "वर चॉकलेट पावडर नाही का?" मग दुसऱ्या काकूंनी विचारलं. मग शाळेतल्या पोरांनी. काका लोकांचं म्हणणं होतं कडू आहे, आणि "एवढीशीच?" साखर मी वेगळी ठेवली होती, पुण्यासारखी, कागदाच्या पुडीत. एकेकाने तीन-तीन पुड्या फोडल्या. बाबा खुर्चीवर बसून सगळं बघत होते. एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

त्या रात्री मी तीन बदल केले. रोबस्टा पन्नास टक्क्यांवर नेला, दुधात टिकणारी चव त्यातच असते. साखर मागणीप्रमाणे आधीच कपात. आणि कोको पावडरचा डबा, वर जाळीचं झाकण लावून, गाडीच्या अगदी पुढे.

पहिली पैशाची ऑर्डर रविवार, २४ नोव्हेंबर. विजापूर रोडचं लॉन, रिसेप्शन, आठशे पानं. निकाल आदल्या दिवशीच लागला होता, रस्त्यावर गुलाल होता. बोली तीनशे कपांची, कपाला पंचेचाळीस, निम्मे पैसे आगाऊ. आगाऊ घ्याच, नातेवाईक असला तरी. सहाला पोचायचं ठरलं होतं. छोटा हत्ती भरताना बाबांनी त्यांची मशीनही मागे चढवली, एक निळा सिलिंडर, फेटलेल्या कॉफीचा डबा. मी चिडलो. जागा नाही, आणि माझ्या गाडीची शोभा जाते. "असू दे मागं," म्हणाले. "नाही लागली तर परत येईल की."

माझी मशीन २,७०० वॅटची. म्हणजे बारा अँपिअर जवळजवळ. लॉनवाल्याने पॉइंट दिला तो सजावटीच्या माळांचाच, बारीक वायरचा. साडेसातला नवरा-नवरी स्टेजवर आले, डीजेने पहिलं गाणं लावलं आणि माझ्या मशीनचा काटा हळूहळू खाली बसला. नऊवरून सातवर. व्होल्टेज मोजलं, १८८. पुढच्या गाण्याला एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पडला. अंधार फक्त माझ्याकडे आणि पाणीपुरीवाल्याकडे. समोर चाळीस माणसं कप धरून. त्या वेळचं मला फार आठवत नाही. घशाला कोरड पडली होती, आणि एक आजोबा शांतपणे विचारत होते, "बंद पडली का?"

मागे फुस्स असा आवाज आला. बाबांनी शेगडी केव्हाच पेटवली होती. तिला तापायला अर्धा तास लागतो, म्हणजे आल्या आल्याच. स्टीलच्या मगात फेटलेली कॉफी एक चमचा, वरून दूध, तोटी आत बुडवली, मग थोडा खाली ओढला की फेस वर चढतो, पुन्हा वर उचलला, पंधरा-वीस सेकंद. मग उंचावरून कपात, वर कोकोची चिमूट. एका मगात सहा कप. मी तीस वर्षं हे बघत आलो होतो. पण चाळीस माणसांची रांग सहा-सहाने कमी होताना कधी मोजली नव्हती.

मांडवाच्या इलेक्ट्रिशियनला दोनशे रुपये आणि दोन कॉफी देऊन जनरेटरवरून थेट वेगळी लाईन घेतली. साडेआठला माझी मशीन पुन्हा सुरू झाली. आता माझी स्वतःची वीस मीटरची जाड केबल असते, चार चौरस मिलिमीटरची, सोबत सोळा अँपिअरचे प्लग. बुकिंगच्या वेळी मी मेन्यूच्या आधी वायर विचारतो. कार्यालयवाल्याला 'हेवी पॉइंट आहे का' असं विचारू नका, तो 'आहे' म्हणतो. जाऊन बघा, आणि मशीन लावून मोजा.

रात्री साडेदहाला हिशेब केला. माझे कप १३५, बाबांचे २१०. एका ग्रुपची मशीन तासाला पन्नास-पंचावन्नपेक्षा जास्त कप देत नाही, कोणी शंभर म्हणत असेल तर त्याने रांग पाहिलेली नाही. लग्नात सगळ्यांना कॉफी जेवणानंतरच्या त्याच तासाभरात हवी असते. मुलीच्या वडिलांशी बोलून माझे पंचेचाळीसने आणि बाबांच्या मशीनचे वीसने लावले. १०,२७५ झाले. चाळीस लिटर दूध, बिया, कप, साखर, टेम्पो, दोन मुलांचा रोज वजा केला तर हातात चौदाशे राहिले. इलेक्ट्रिशियनचे दोनशे त्यातूनच गेले. बायको म्हणाली, पहिल्या दिवसाला नुकसान नाही झालं हेच खूप. बाबा उरलेलं चार लिटर दूध किटलीत ओतत होते.

डिसेंबरच्या मध्यापासून धनुर्मासात लग्नं थांबतात, तेव्हाचा हप्ता पगारातून भरला. हे आधीच धरून चाला. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत गाडी लावायचा मोह झाला होता, पण ती जागेची आणि परवानगीची गोष्टच वेगळी, त्या वाटेला गेलो नाही. त्याऐवजी कारखान्यांच्या वार्षिक बैठका, एका कॉलेजचं गॅदरिंग, एक डॉक्टरांचं संमेलन अशी कामं मिळाली. तिथे बाबांच्या मशीनची कॉफी कोणी मागत नाही, साखरही कमी. लग्नात मात्र दोन्ही न्यावी लागतात, आणि दर दोन ठेवावे लागतात. मार्चपर्यंत अकरा ऑर्डर झाल्या. नोकरी अजून आहे.

दर महिन्याला मशीनचं डिस्केलिंग (चुन्याचा थर काढणं) आणि रोज रात्री ग्रुप उलट धुणं, हे काम कितीही दमलो तरी चुकवत नाही. बाबा त्याच वेळी शेजारी बसून त्यांचे नळ घासतात. माझ्या फूड-ग्रेड पावडरकडे ते संशयाने बघतात. त्यांचा चिंचेवर विश्वास आहे.

फेब्रुवारीत गाडीवर नाव रंगवून घेतलं. पेंटरने विचारलं, खाली अजून एक ओळ बसेल, काय लिहू? मी चौदा आकडी नंबर सांगितला. तो लिहून झाल्यावरही वीतभर जागा उरली होती. बाबा म्हणाले, "लिही, मशीनची कॉफीही मिळेल." पेंटरने ती ओळ बाकी सगळ्यापेक्षा मोठी काढली. बदलून घ्यायची म्हणतोय, पण पुढच्या रविवारी मंगळवेढ्याला चारशे पानांची ऑर्डर आहे, आणि तिथल्या कार्यालयाची वायर बघायला मला आधी शनिवारी जाऊन यायचंय.